घरापुढचा फुटलेला कोबा: पहिल्यांदाच थापी धरणाऱ्यासाठी दुरुस्तीची पद्धत

फाटकापासून पोर्चपर्यंत गाडीसाठी घातलेला काँक्रीटचा कोबा फुटू लागला की बहुतेक घरांत एकच उपाय केला जातो. गवंड्याला बोलावून खड्ड्यात आणि भेगांवर सिमेंट-वाळूचा माल भरून घेतला जातो, आणि पुढचा पावसाळा सरता सरता तो पोपडे धरून सुटून येतो. यात दोष मालाचा क्वचितच असतो. कोबा मुळात का फुटला याची चौकशी झालेली नसते, आणि जुन्या काँक्रीटच्या कडा नीट कापलेल्या नसतात. एवढ्या दोन गोष्टी मन लावून केल्या, तर दहा-बारा चौरस फुटांचा फुटलेला भाग कोणाही धडधाकट माणसाला एका मदतनिसाच्या साहाय्याने दोन दिवसांत दुरुस्त करता येतो. त्यानंतरचे दिवस फक्त पाणी मारण्याचे असतात.

काही ठिकाणी मात्र स्वतः हात घालू नये. गाडी लावण्याच्या जागेखालीच पाण्याची टाकी असणे आपल्याकडे सर्रास आढळते. तसे असेल तर वरचा भाग हा कोबा नसून टाकीचा स्लॅब आहे, आणि त्याला पडलेली भेग स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय तिच्यावर छन्नी चालवणे धोक्याचे आहे. संपूर्ण वाट एका बाजूला कलली असेल किंवा घराच्या भिंतीलाही तिरक्या भेगा गेल्या असतील, तरी हाच नियम लागू होतो. फाटकाबाहेरचा, गटारावरून रस्त्याला मिळणारा उतार ही स्थानिक संस्थेची जागा असते, म्हणून तिथे काम करण्यापूर्वी नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

कारण शोधण्यासाठी एक सकाळ द्यावी

हातोडी किंवा पहारीचे बोथट टोक घेऊन फुटलेल्या जागेभोवती फूटभर अंतराने ठोकत जावे. भक्कम काँक्रीट टणक, कोरडा आवाज देते, तर खालची माती निघून गेलेली असेल तिथे आवाज पोकळ आणि खोल येतो. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने खूण करावी. सगळ्या खुणा जोडल्यावर जो आकार दिसतो तो वरून दिसणाऱ्या खड्ड्यापेक्षा बहुधा मोठा असतो, आणि दुरुस्ती तेवढ्या आकाराची करायची असते.

पोकळी का झाली, याची कारणे ठरलेली आहेत. पठारावरच्या मोठ्या भागात, विशेषतः मराठवाडा, सोलापूर आणि विदर्भात, घराखाली काळी माती असते. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पुरेसा मुरूम न टाकता तिच्यावर थेट कोबा घातलेला असेल, तर दरवर्षी तो थोडा उचलला जातो आणि थोडा खाली बसतो. कोकणातील जांभ्याच्या मातीचे असे फुगणे नगण्य असते, परंतु तिथे छपरावरून पडणारे पागोळ्यांचे पाणी कोब्याच्या कडेने आत शिरून खालचा बारीक भराव वाहून नेते. पन्हळीचे पाणी नळीने दूर सोडणे हा अशा ठिकाणी दुरुस्तीचाच पहिला भाग समजावा.

कोब्याखालून जाणारी नळाची किंवा सांडपाण्याची वाहिनी गळत असेल, तरीही माती हळूहळू निघून जाते. पाण्याला मीटर असेल तर रात्री सर्व नळ आणि टाकीचा फ्लोट बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी पुन्हा पाहावा. आकडा सरकला असेल तर आधी प्लंबरला बोलवावे. घुशींचे नाव या यादीत कोणी घेत नाही, पण कोब्याच्या कडेला ताजी उकरलेली माती आणि मुठीएवढे बीळ दिसले, तर कोबा पोकळ होण्यामागे बहुधा तीच असते. भराव करण्यापूर्वी बिळे उघडी करून दगड आणि काँक्रीटने बुजवावी लागतात. झाडाच्या मुळाने कोबा उचलला असेल, तर शहरी भागात झाडाला इजा होईल असे काहीही करण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी १९७५ चा नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे.

शेवटचे कारण ओझ्याचे. चार इंचांचा कोबा मोटारीसाठी पुरतो, पण दहा हजार लिटरच्या टँकरमधील नुसते पाणीच दहा टन भरते. उन्हाळ्यात टँकर आत घ्यावा लागत असेल, तर ती वाट सहा इंच जाडीची आणि सळई घातलेली असायला हवी. अशा ठिकाणी चार इंचांचा तुकडा कितीही निगुतीने बसवला तरी तो पुन्हा फुटणारच, म्हणून टँकर फाटकाबाहेर उभा करून पाइप आत घेणे अधिक शहाणपणाचे.

कोणत्या नुकसानीला कोणता उपाय

केसासारख्या बारीक भेगा, ज्यांच्या दोन्ही कडा एकाच पातळीत आहेत आणि ठोकल्यावर आवाज भक्कम येतो, त्यांना सहसा काही करावे लागत नाही. रुंद भेग भरण्यापूर्वी ती अजून हलते आहे का हे पाहावे. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने एक-एक खूण करून त्यांतील अंतर तारखेसह लिहावे आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजावे. अंतर बदलत असेल तर सिमेंटचा कडक माल त्या भेगेत टिकणार नाही, तिथे ताणले जाणारे पॉलियुरेथेन सीलंटच लागते. न हलणारी भेग छन्नीने साधारण अर्धा इंच रुंद आणि तेवढीच खोल उघडावी, तारेच्या ब्रशने झाडावी, ओली करावी आणि पॉलिमर मिसळलेला तयार माल दाबून भरावा.

वरचा थर उखडला आहे पण खालचे काँक्रीट भक्कम आहे, अशी स्थिती असेल तर निदान दीड इंच खोल चौकोन काढून त्यात दहा मिलिमीटरची बारीक खडी वापरलेले काँक्रीट भरता येते. खडीचा आकार थराच्या जाडीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा मोठा नसावा असा नियम आहे, म्हणून अशा उथळ जागी २० मिलिमीटरची खडी चालत नाही. खोली कोब्याच्या एक तृतीयांश जाडीपेक्षा जास्त गेली, तुकडे हलू लागले किंवा आवाज पोकळ आला, तर पूर्ण जाडी काढून नवे काँक्रीट घालावे लागते. पुढची सगळी पद्धत या पूर्ण जाडीच्या कामाची आहे, कारण घरोघरी हेच काम चुकीचे केले जाते.

काम दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतच्या दिवसांत काढावे. पावसाळ्यात खड्डा भरावाआधीच पाण्याने भरतो. एप्रिल-मेच्या उन्हात पृष्ठभागावरचे पाणी इतक्या वेगाने उडते की काँक्रीट आवळण्यापूर्वीच त्यावर भेगांचे जाळे पडते. उन्हाळ्यातच करणे भाग असेल तर ऊन उतरल्यावर काम सुरू करून वर सावलीसाठी कापड बांधावे.

कापणे आणि फोडणे

खडूच्या खुणांच्या बाहेर चार-सहा इंच भक्कम काँक्रीट घेऊन सरळ कडांचा चौकोन किंवा आयत आखावा. निमुळते कोपरे आणि इंग्रजी एल अक्षरासारखे आकार टाळावेत, कारण आतल्या कोपऱ्यातून नव्या भेगा निघतात. आखलेल्या रेषेवर भाड्याने आणलेल्या ग्राइंडरने, काँक्रीट कापण्याची डायमंड चकती लावून, सुमारे एक इंच खोल खाच घ्यावी. खाचेखालचा भाग छन्नीने तोडावा. तिथली कड खडबडीत राहते आणि तशीच राहू द्यावी, कारण नवे काँक्रीट तिलाच पकडून बसते. फोडताना सुरुवात नेहमी मध्यापासून करून कडेकडे यावे, म्हणजे घणाचा हादरा बसून चांगली कड फुटत नाही. खालून जाणाऱ्या वाहिन्यांची जागा चेंबर आणि मीटर पाहून आधीच ओळखून ठेवावी, आणि तिथे पहार जपून चालवावी.

काँक्रीट कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला कायमची इजा करू शकते, म्हणून तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. एन-९५ मास्क, डोळ्यांना गॉगल आणि पायांत बूट हवेतच. हाताचा ग्राइंडर विजेवर चालत असल्याने धूळ बसवण्यासाठी त्यावर पाणी ओतू नये.

कड कापण्याचा हा सोपस्कार गवंडी टाळतात, आणि तोच टाळण्याजोगा नसतो. खड्ड्याच्या उतरत्या कडेवर पसरलेले काँक्रीट शेवटी कागदाएवढे पातळ होते. तेवढ्या जाडीत खडी मावत नाही, उरतो तो फक्त सिमेंटचा लेप, आणि गाडीचे चाक पहिल्यांदा त्यालाच उचकटते. उभी कापलेली कड असेल तर नव्या तुकड्याला सगळीकडे सारखी जाडी मिळते.

भराव

राडारोडा उचलल्यावर खाली सैल किंवा चिखल झालेली माती जितकी लागेल तितकी काढावी. काळी माती असेल तर निदान फूटभर खोल जावे. मग मुरूम चार ते सहा इंचांच्या थरांत टाकावा, प्रत्येक थरावर थोडे पाणी शिंपडावे आणि धुम्मसाने, म्हणजे माती ठोकण्याच्या जड दांडक्याने, ठोकून बसवावा. सगळा मुरूम एकदम ओतून वरून ठोकला तर वरचा थोडा भाग तेवढा आवळतो आणि खालचा ढिलाच राहतो. थर बसला की नाही हे टाचेने दाबून पाहावे. टाचेचा ठसा उमटत असेल तर ठोकणे अजून बाकी आहे. फोडलेल्या कोब्याचे मुठीएवढे तुकडे सोलिंगसारखे, म्हणजे तळाच्या दगडी थरासारखे, मुरमाखाली दाबून वापरता येतात, पण प्लास्टर, विटा आणि माती मिसळलेला राडा वापरू नये. शेवटी कोब्याच्या वरच्या पातळीपासून पूर्ण चार इंच जागा उरली पाहिजे. आडवी दोरी ताणून ती तीन-चार ठिकाणी मोजावी.

सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी

या कामाला एम-२० प्रतीचे, म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसणारे, काँक्रीट योग्य ठरते. हाताने मोजून करायचे त्याचे प्रमाण सिमेंट १, वाळू दीड आणि खडी ३ असे आहे. चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार इंच खोल खड्ड्याला ५० किलोची जवळपास एक गोणी सिमेंट लागते. हाताने कालवताना सिमेंट दहा टक्के जास्त धरण्याची पद्धत आहे, आणि भरावाची पातळी कुठेतरी खाली राहतेच, म्हणून दोन गोण्या आणून ठेवाव्यात.

मापासाठी रंगाची २० लिटरची रिकामी बादली घ्यावी. तिच्यात साडेसतरा लिटर पाणी मोजून ओतावे आणि त्या पातळीवर आतून खूण करावी. सिमेंटची एक गोणी म्हणजे सुमारे ३५ लिटर, अर्थात खुणेपर्यंतच्या दोन बादल्या. तिला वाळू तीन बादल्या आणि खडी सहा बादल्या पडते. त्या सहांपैकी चार २० मिलिमीटरच्या आणि दोन १० मिलिमीटरच्या खडीच्या असाव्यात. घमेल्याने मोजू नये, कारण सिमेंटचे घमेले सपाट आणि खडीचे शिगोशीग भरले जाते आणि प्रमाण तिथेच बिघडते. वाळू किंवा क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) दमट असेल तर ती फुगलेली असते, चार-पाच टक्के ओलाव्याला तिचे आकारमान सुमारे पाव हिश्श्याने वाढते. अशा वेळी तीनऐवजी पावणेचार बादल्या घ्याव्यात.

वाळूत माती किती आहे हे घरीच पाहता येते. काचेच्या बरणीत निम्म्यापर्यंत वाळू घालून वर मिठाचे पाणी ओतावे, जोरात हलवावे आणि तीन तास न हलवता ठेवावे. वाळूवर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जाड असेल तर ती धुऊन घ्यावी किंवा बदलून आणावी. सिमेंटच्या गोणीवर भरणीचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांहून जुनी किंवा गुठळ्या झालेली गोणी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

कालवण्यासाठी लोखंडी पत्रा किंवा जाड ताडपत्री अंथरावी. आधी वाळू आणि सिमेंट कोरडेच, सगळीकडे एकच रंग येईपर्यंत, फावड्याने उलथे-पालथे करावे. मग खडी मिसळावी आणि ढिगाच्या मधोमध आळे करून पाणी थोडे थोडे घालावे. काँक्रीटच्या कामासाठी असलेल्या भारतीय मानक ४५६ नुसार या प्रमाणाला एका गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी चालते, आणि त्यात वाळूतला ओलावाही धरलेला असतो. म्हणून सुरुवातीला २२ ते २४ लिटरच घालून पाहावे. तयार मालावर फावड्याची पाठ ओढली तर पृष्ठभाग बंद व्हावा, खडीतील पोकळ्या दिसू नयेत, आणि ढीग पसरून वाहूही नये. पातळ माल पसरायला सोपा असतो एवढ्यासाठी मजूर त्यात आणखी एक बादली ओततात. ते जास्तीचे पाणी सुकताना काँक्रीटमध्ये छिद्रे सोडून जाते आणि ताकद तिथेच घटते. एका वेळी अर्ध्या तासात बसवून होईल एवढाच माल कालवावा. आवळू लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा मळू नये.

ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते आणि कातडी जाळते. त्याची आग लगेच जाणवत नाही, त्यामुळे गुडघ्यांवर बसून काम करणाऱ्याच्या पायजम्यातून ते झिरपते आणि रात्री फोड दिसतात. रबरी हातमोजे आणि गमबूट घालावेत आणि अंगाला लागल्यास भरपूर पाण्याने तत्काळ धुवावे.

ओतणे आणि घोटणे

आदल्या रात्री खड्डा आणि त्याच्या कडा भरपूर भिजवाव्यात. ओतण्यापूर्वी कड ओलसर पण वर पाणी न चमकणारी असावी. कोरडी कड नव्या मालातील पाणी शोषून घेते आणि सांधा धरत नाही. कडांना एसबीआर लॅटेक्स (पकड वाढवणारे रबरासारखे दुधाळ द्रावण) आणि सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ लेप, डब्यावर दिलेल्या प्रमाणात ब्रशने लावावी आणि ती सुकण्याआधीच काँक्रीट टाकावे. सुकलेली स्लरी पकड देण्याऐवजी सांधा मोकळाच ठेवते. खड्डा जुन्या कोब्यातील ठरवून ठेवलेल्या सांध्यावरून जात असेल, तर नव्या काँक्रीटमध्येही त्याच रेषेत थर्माकोलची पट्टी उभी करून सांधा पुढे न्यावा. घराच्या भिंतीला लागून काम असेल तर तिथेही अशीच पट्टी हवी.

माल कोपऱ्यांपासून भरत यावा आणि सळईच्या तुकड्याने सगळीकडे, विशेषतः कडेला, खालपर्यंत टोचावा, म्हणजे अडकलेली हवा निघते. जुन्या कोब्याच्या दोन्ही बाजूंवर ॲल्युमिनियमची पट्टी टेकवून करवतीसारखी पुढे-मागे हलवत जादा माल ओढून घ्यावा. पाणी घरापासून दूर जाण्यासाठी फुटाला पाव इंच उतार पुरतो. जुन्या कोब्याला तसा उतार असेल तर त्याचीच पातळी धरावी.

यानंतर थांबावे, आणि हे थांबणेच नवख्याला जड जाते. थोड्या वेळात पृष्ठभागावर पाण्याची पातळ चकाकी येते. ती पूर्ण जाईपर्यंत रंधा, म्हणजे पृष्ठभाग सपाट करण्याची मुठीची फळी, लावू नये. पाणी लवकर सुकवायचे म्हणून वरून कोरडे सिमेंट भुरभुरून थापीने घोटण्याची सवय अनेक गवंड्यांना आहे. त्याने जागा गुळगुळीत दिसते, पण वर कमकुवत पापुद्रा तयार होतो, जो वर्षभरात धुळीसारखा सुटू लागतो. चकाकी गेल्यावर, बोटाने दाबले असता हलका ठसा उमटेल अशा वेळी, लाकडी रंध्याने सपाट करावे आणि मऊ झाडू उताराच्या आडव्या दिशेने एकदाच ओढावा. त्या रेषांमुळे पावसात चाक आणि पाय घसरत नाहीत. थापीने आरशासारखे घोटलेले काँक्रीट बाहेरच्या जागेसाठी नकोच.

पाणी मारणे आणि गाडी आणणे

पहिल्या काही तासांत फवारा नको, फक्त प्लास्टिकचा कागद वर अंथरून कडेला विटा ठेवाव्यात. दुसऱ्या दिवसापासून भिजवलेले गोणपाट टाकावे किंवा कडेने मातीचे आळे करून पाणी साठवावे. सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारून मधल्या वेळी कोरडे पडू देण्यात फारसा अर्थ नाही. गोणपाट दुपारीही ओले राहिले पाहिजे. साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित पीपीसीला किमान १० दिवस पाणी लागते. गोणीवर कोणते नाव छापले आहे ते त्यासाठी पाहून ठेवावे. पाण्याची टंचाई असलेल्या गावात गोणपाटावर प्लास्टिक अंथरल्याने पाणी बरेच कमी लागते.

दुसऱ्या दिवसापासून माणसांना चालायला हरकत नाही. सात दिवसांत काँक्रीटला २८ दिवसांच्या ताकदीपैकी साधारण दोन तृतीयांश ताकद येते. तरी मोटार दहा दिवसांनी आणावी आणि भरलेला टेम्पो महिनाभर आत घेऊ नये. नव्या तुकड्याचा रंग सुरुवातीला गडद दिसतो आणि पुढे उजळत जातो, तरी तो जुन्या कोब्याशी पूर्ण कधीच जुळत नाही. त्यासाठी वरून सिमेंटचे पाणी फासू नये.

महिनाभराने सांधा कोरडा असताना नव्या-जुन्याच्या सीमेवर केसासारखी फट दिसली, तर ती ब्रशने साफ करून पॉलियुरेथेन सीलंटने बंद करावी. थर्माकोलच्या पट्टीचा वरचा अर्धा इंच चाकूने काढून तिथेही सीलंट भरावे. कडा स्वच्छ राहाव्यात म्हणून आधी दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावावी आणि सीलंट ओले असतानाच ती ओढून काढावी. हे काम मे महिन्याच्या अखेरीपर्यंत उरकलेले असावे, कारण ओल्या सांध्याला सीलंट चिकटत नाही.